कंबर चव्वेचाळीस

जांभळाचं झाड एप्रिलच्या वादळात पडलं, पण पडताना त्याने कोणाचंही नुकसान केलं नाही. बुंध्याकडची बाजू धुण्याच्या दगडावर आणि शेंड्याकडची कंपाउंडलगतच्या कट्ट्यावर टेकवून ते मागच्या अंगणात आडवं झालं. फांद्या एका बेकरीवाल्याने भट्टीसाठी नेल्या. खोड नेणं त्याला जमलं नाही, कारण त्याचा टेम्पो गल्लीत शिरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथांनी गळ्यातली टेप काढून खोडाचं माप घेतलं आणि वहीत लिहिलं : लांबी अठरा फूट, छाती पन्नास, कंबर चव्वेचाळीस. माप लिहायची दुसरी पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. बावन्न वर्षं ते शिंपीकाम करत होते.

रंगनाथांचे पूर्वज पाच पिढ्यांपूर्वी सोलापूरकडून म्हैसुरात आले ते इथलेच झाले. घरात विठ्ठल होता, मराठी होती आणि मराठीत निम्मी कन्नड होती. कुवेंपुनगरातलं घर त्यांनी स्वतः बांधलं तेव्हा न्हाणीघरात चुलीवर तांब्याचा हंडा बसवून घेतला. पुढे गच्चीवर सोलर आलं. तरी आषाढ-श्रावणात आभाळ आठ-आठ दिवस उघडत नसे, आणि मग हंड्याखाली जाळ लागे. वर्षाला लाकूड लागायचं ते फार नाही. ते रंगनाथ स्वतः फोडत. त्यांच्या घावाचा आवाज आला की गल्लीतल्या लोकांना पावसाळा जवळ आल्याचं कळायचं.

पण यंदा फेब्रुवारीत दुकानात कोटाचं कापड बेतताना त्यांना भोवळ आली. डोळे उघडले तेव्हा ते इस्पितळात होते आणि डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसवून झाला होता. घरी आल्यापासून लोक त्यांच्या हातातून वस्तू काढून घेऊ लागले. कोणी पिशवी काढून घेई, कोणी बादली. त्यांच्या बायकोने, कमलाक्षीबाईंनी, कुऱ्हाड कुठेतरी लपवली होती.

"डॉक्टरनी काय सांगितलंय?" त्या म्हणाल्या. "कुऱ्हाड बेडा म्हणून सांगितलंय. बेडा म्हणजे बेडा."

"कुऱ्हाड नको म्हणाले ते. मशीन नको म्हणाले नाहीत."

"कसलं मशीन?"

"लाकूड कापायचं. चेन सॉ. दाबलं की कापतं. घाव नाही, काही नाही."

कमलाक्षीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "बघा मग," एवढंच त्या म्हणाल्या.

रंगनाथ बघायला लागले. पुढचे सात आठवडे ते तेच बघत होते.

शिवणयंत्र घ्यायचं तर दहा मिनिटं चालवून, कानाने ऐकून ते सांगू शकत की हे वीस वर्षं टिकेल की दोन. लाकडाच्या मशीनलाही तोच न्याय लावायचं त्यांनी ठरवलं. म्हैसुरातल्या चार दुकानांत ते गेले. प्रत्येक ठिकाणी त्यांनी मशीन हातात न घेता आधी टेबलावर ठेवायला लावलं, चष्मा पुसला, साखळीचे दात मोजले आणि विचारलं, "हे बिघडतं कसं?"

चारही दुकानदारांना हा प्रश्न आवडला नाही. बिघडतच नाही, असं चौघांनीही सांगितलं. रंगनाथांनी वहीत चौघांच्या नावापुढे फुली मारली.

शेजारचा हरिहर या कामात त्यांच्या मदतीला आला. हरिहर नाशिकचा. संगणकाच्या नोकरीसाठी तो आणि त्याची बायको मृदुला म्हैसुरात आली तेव्हा शेजारच्या घरातून मराठी ऐकून दोघांना भरून आलं होतं. त्या मराठीतलं निम्मं कळत नाही हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. रोज संध्याकाळी हरिहर मोबाइल घेऊन येई आणि काकांना चित्रफिती दाखवी. बर्फात उभी असलेली धिप्पाड माणसं मोठमोठी झाडं कापत आणि कापून झालं की हसत.

"ह्यांना रोज कापायचं असतं," रंगनाथ गंभीरपणे म्हणाले. "मला वर्षातून दोनदा. ह्यांचं मशीन मला कशाला?"

"काका, मग बॅटरीवालं घ्या ना. वायरची कटकट नाही."

"बॅटरी दहा महिने पडून राहिली तर काय होतं?"

हरिहरने शोधलं. "मरते," तो म्हणाला.

"आणि पेट्रोलचं?"

"त्यात तेल मिसळावं लागतं. पेट्रोल तसंच राहिलं तर आत चिकटून बसतं. आणि ते दोरी ओढून सुरू करायचं असतं."

रंगनाथांनी आपला डावा हात खांद्यापर्यंत उचलून बघितला आणि खाली घेतला. वहीत त्यांनी 'दोरी' असं लिहिलं आणि त्यावर काट मारली.

पाचवं दुकान नंजनगूडच्या रस्त्यावर होतं. शेतीची अवजारं विकणारा मंजुनाथ तिथे एका उघड्या पंपात दोन्ही हात घालून बसला होता. रंगनाथांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मंजुनाथने मान वर केली, हात पुसले आणि कन्नडमध्ये सविस्तर उत्तर दिलं. साखळीला तेल नाही मिळालं तर बिघडतं. ओलं लाकूड घाईने कापलं तर बिघडतं. आणि सगळ्यात जास्त, काही न करता पडून राहिलं तर बिघडतं.

"तुमचं मशीन अकरा महिने पडून राहणार," तो म्हणाला. "कापायला तर सगळीच कापतात. पडून राहायला कुठलं चांगलं, ते बघा."

रंगनाथ खाली बसले. चार दुकानं फिरून त्यांना जे मिळालं नव्हतं ते इथे मिळालं होतं. त्या दिवशी ते तिथे अडीच तास होते. वायरवर चालणारं, साखळी फिरते ती पट्टी सोळा इंची असलेलं, तेल आपोआप सोडणारं मशीन त्यांनी पसंत केलं. चव्वेचाळीस घेराचं खोड म्हणजे आरपार चौदा इंच. सोळा इंचांत ते बसत होतं. शिलाईला दोन इंच ठेवल्यासारखं त्यांना वाटलं.

मशीन घरी आलं तो आषाढातला शुक्रवार होता. कमलाक्षीबाईंनी खोक्यावर हळद-कुंकू वाहिलं, लिंबू ठेवलं, उदबत्ती लावली, कापूर ओवाळला. रंगनाथांनी मंजुनाथने दिलेलं तेल टाकीत भरलं. एकही थेंब बाहेर सांडला नाही. मग ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "हरिहर, आता माहितीपुस्तक वाच. पहिल्या ओळीपासून."

"काका, त्यात नेहमीचंच असतं. चष्मा घाला, मुलांना दूर ठेवा..."

"न वाचता मी कुठलंच मशीन चालवलेलं नाही."

हरिहर वाचू लागला. एक ओळ इंग्रजीत, मग मराठीत. सैल कपडे घालू नयेत. शिडीवर उभं राहून कापू नये. पट्टीचं टोक लाकडाला लागलं तर मशीन उसळी मारतं, म्हणून टोकाने कापू नये. रंगनाथ प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. चित्रफिती बघून त्यांना हे सगळं पाठ होतं. पाठ झालेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच तेज आलं होतं.

चौथ्या पानावर हरिहर थांबला. त्याने एकदा काकांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पानं उलटली.

"साखळीची धार कशी तपासावी..."

"दोन पानं एकदम का उलटली?" कमलाक्षीबाईंनी विचारलं.

"नाही काकू, चिकटली असतील."

"चिकटलेली नाहीत. मला इथून दिसतंय. वाच."

हरिहरने पान मागे घेतलं आणि खाली मान घालून वाचलं. "हे यंत्र चालू असताना त्याभोवती विद्युत-चुंबकीय क्षेत्र तयार होतं. शरीरात पेसमेकर असलेल्या व्यक्तींनी... डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र वापरू नये."

उदबत्तीची राख खोक्यावर पडली.

"म्हणजे," रंगनाथ म्हणाले, "पेसमेकर आहे म्हणून कुऱ्हाड नको. कुऱ्हाड नको म्हणून मशीन. आणि पेसमेकर आहे म्हणून मशीन नको."

"विचारल्याशिवाय नको, असं आहे काका. विचारून बघू."

त्यांनी इस्पितळात फोन लावला. पेसमेकर तपासणारी मुलगी फार सौम्य आवाजात बोलली. मोटर छातीजवळ धरून काम करायचं असेल तर तुम्ही नका करू, आप्पा, ती म्हणाली. घरात दुसरं कोणीतरी करेल ना? तुम्ही लांब उभे राहा.

"किती लांब?" रंगनाथांनी विचारलं.

"थोडं लांब. सहा-सात फूट लांब असलात तर तुमच्याबाबतीत काळजी नाही."

रंगनाथांनी वहीत 'सात फूट' असं लिहिलं. मंजुनाथला फोन केला तर तो हळहळला, पण तेल भरलेलं मशीन परत घेता येत नाही असं त्याने सांगितलं. थेंबही न सांडता भरलं आहे, हे रंगनाथांनी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

पुढचा आठवडाभर रंगनाथ दुकानात गेले नाहीत. बाहेर भुरभुर पाऊस होता. सोलरचं पाणी थंड येत होतं आणि कमलाक्षीबाई गॅसवर पातेलं तापवून बादलीत ओतत होत्या. ती बादली न्हाणीघरापर्यंत त्याच नेत. एकदा रंगनाथ उचलायला पुढे झाले.

"राहू दे, सुम्मने बसा," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण रंगनाथ सुम्मने, म्हणजे अगदी गुपचूप, जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

हे हरिहरला बघवेना. रविवारी सकाळी तो तयार होऊन आला. डोक्यावर सायकलचं हेल्मेट होतं, डोळ्यांवर पोहायचा चष्मा आणि पायांना क्रिकेटचे पॅड. मागून मृदुला मोबाइल घेऊन आली, कारण नाशिकला सासूबाईंना हे दाखवायचं होतं.

"काका, तुम्ही सांगा, मी कापतो," हरिहर म्हणाला.

रंगनाथांनी टेप घेतली. खोडापासून सात फूट मोजून त्यांनी जमिनीवर शिंपीखडूने रेघ मारली आणि त्या रेघेच्या मागे खुर्ची मांडली. कमलाक्षीबाई कडकोळला, आपल्या जुन्या मैत्रिणीच्या नातीच्या बारशाला गेल्या होत्या.

मशीन सुरू झालं. रंगनाथ डोळे मिटून ऐकत राहिले. आवाज एकसारखा होता, कुठे खरखर नव्हती. निवड चुकली नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि बरं वाटलं.

हरिहरने खोडाच्या बरोबर मध्यावर, वरून, जोर लावून कापायला सुरुवात केली. भुसा उडाला. तीन इंच, पाच इंच, सात इंच.

"खालून!" रंगनाथ ओरडले. "दोन्ही टोकं टेकलेली आहेत! वरून थोडं काप, मग खालून! नाहीतर फट मिटेल!"

पण हरिहरने कानात कापूस घातला होता. त्याला वाटलं, काका शाबासकी देताहेत. त्याने आणखी जोर लावला. आणि अठरा फुटांचं खोड आपल्याच वजनाने मध्यभागी किंचित वाकलं, कापलेली फट वरून मिटली आणि पट्टी आत घट्ट धरली गेली. मशीन गुरगुरलं आणि थांबलं. त्याच क्षणी घरातली वीज गेली.

हरिहरने ओढून पाहिलं. हलवून पाहिलं. एक पाय खोडावर देऊन मागे रेलला, तेव्हा त्याचा पॅड सुटला आणि तो धुण्याच्या दगडाशेजारी बसला. मृदुलाने चित्रीकरण थांबवलं.

"काका, हे निघत नाहीये."

"निघणार नाही," रंगनाथ रेघेपलीकडून म्हणाले. "पाचर मारायला हवी. कुऱ्हाड असती तर..."

कुऱ्हाड कुठे आहे हे फक्त कमलाक्षीबाईंना ठाऊक होतं, आणि बारशाच्या गर्दीत त्यांचा फोन लागत नव्हता. तेवढ्यात सकाळपासून थांबलेला पाऊस चांगलाच सुरू झाला.

मशीन पावसात ठेवू नये, हे पान तीनवर होतं. ते काढता येत नव्हतं आणि झाकायला मोठं काही नव्हतं. शेवटी हरिहरने वायर काढून आत नेली आणि मशीनवर छत्री धरून उभा राहिला. मृदुलाने प्लॅस्टिक आणून गुंडाळलं, पण प्लॅस्टिकमध्ये पाणी साचायला लागलं, म्हणून छत्री राहिलीच. रंगनाथांनी पडवीच्या कडेपर्यंत मागे जाऊन आपलीही छत्री उघडली. मशीन भिजत असताना आपण घरात जाऊन बसावं, हे त्यांना पटेना. कंपाउंडपलीकडच्या घरातली माणसं खिडकीत आली. पेरूच्या झाडाखालून त्यांना एवढंच दिसत होतं, की भरपावसात हेल्मेट घातलेला एक माणूस आडव्या झाडावर छत्री धरून उभा आहे आणि थोड्या अंतरावर रंगनाथ मान खाली घालून उभे आहेत. कोणाचं काय झालं, अशी विचारपूस त्या दिवशी दोन घरांतून झाली.

कमलाक्षीबाई दुपारी सव्वादोनला आल्या. पाऊस उतरला होता. नव्या साडीचा पदर खोचत त्या मागच्या अंगणात आल्या आणि त्यांनी खोडाभोवती एक फेरी मारली. वाकून फट पाहिली. खोडाखाली हात घालून जमिनीपासूनचं अंतर पाहिलं.

"वरून कापलं?"

"हो काकू," हरिहर म्हणाला.

"अय्यो. कपडा दोन्हीकडून ताणला तर सुई अडकणारच, अल्वा?" त्यांनी हात झटकले. "तुझ्या गाडीत जॅक आहे ना? चाक बदलायचा? आण. आणि त्या चार विटा आण."

रंगनाथांनी मान वर केली. सात आठवड्यांत पाच दुकानदारांपैकी कोणीही, किंवा एकाही चित्रफितीत कोणी, जॅकचं नाव काढलं नव्हतं.

विटांवर फरशीचा तुकडा, फरशीवर जॅक, आणि जॅक बरोबर त्या कापाच्या खाली. कमलाक्षीबाईंनी स्वतः दांडा फिरवला. खोड कण्हल्यासारखं वाजलं. एक केसभर उचललं, मग आणखी एक. वरची फट उघडली आणि मशीन हरिहरच्या हातात अलगद आलं, जणू ते कधी अडकलंच नव्हतं.

कमलाक्षीबाईंनी ते त्याच्याकडून घेतलं. कोरड्या फडक्याने पुसलं, साखळी बोटाने एकदा ओढून ताण पाहिला, तेलाची खिडकी पाहिली. मग आत जाऊन त्यांनी पडलेला मेन स्विच वर केला आणि त्या साडी बदलून आल्या. आता त्यांच्या अंगावर सलवार-कमीज होता, केस घट्ट बांधलेले होते आणि डोळ्यांवर कारखान्यातला पारदर्शक चष्मा होता. कडकोळच्या कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काम केलं होतं. शेवटची नऊ वर्षं एका ओळीतली चाळीस यंत्रं त्यांच्या देखरेखीखाली होती. त्याला आता आठ वर्षं झाली होती आणि घरात त्याची आठवण सहसा कोणी काढत नसे.

"ते हेल्मेट दे आणि वायर लाव," त्या हरिहरला म्हणाल्या. आणि रंगनाथांकडे वळून, "रेघ पावसात पुसलीय, परत मारा. तुम्ही तिच्या मागे. आत यायचं नाही."

त्यांनी कंपाउंडकडच्या टोकापासून सुरुवात केली. आधी वरून चार बोटं, मग मशीन थांबवून, पाय बदलून, खालून वर. त्यांना कुठलीच घाई नव्हती. पहिला ओंडका धप्पकन पडला तेव्हा मृदुलाने टाळी वाजवली आणि मग, कोणी रागावेल या भीतीने, हात मागे घेतले. दुसरा पडला. तिसरा पडला. दर ओंडक्यानंतर त्या मशीन बंद करत, साखळीकडे बघत, घाम पुसत. मध्यावर आल्या तेव्हा त्यांनी जॅक जागचा हलवून पुढे घेतला.

रंगनाथ खुर्चीत बसून बघत होते. आधी त्यांच्या मनात आलं, आपण इथे कशाला बसलो आहोत? मग आलं, मशीन खरंच चांगलं चाललं आहे. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ते मशीनकडे बघतच नाहीत. सहासष्ट वर्षांची ही बाई पाय रोवून उभी होती. भुशाने तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि तिच्या चेहऱ्यावर अशी काही शांतता होती, जी त्यांनी घरात कधी पाहिली नव्हती. कारखान्यात तिला असंच बघत असतील लोक, असं त्यांना वाटलं. बावीस वर्षांत ते एकदाही कारखान्याच्या आत गेले नव्हते. संध्याकाळी फाटकापाशी स्कूटर घेऊन उभे राहत, तेवढंच.

अंधार पडायच्या आत चौदा ओंडके झाले. हरिहरने ते न्हाणीघराच्या भिंतीला रचले. मृदुलाने सगळ्यांसाठी कॉफी केली.

"तुला हे येतं, तर आधी का नाही सांगितलंस?" रंगनाथांनी विचारलं.

कमलाक्षीबाई दोन्ही तळहात ग्लासाभोवती धरून बसल्या होत्या.

"हे कधी चालवलं नव्हतं मी. पण मशीन ते मशीन." त्यांनी एक घोट घेतला. "आणि तुम्ही विचारलं कुठं? पाच दुकानांत विचारलं. हरिहरला विचारलं. त्या मोबाइलमधल्या गोऱ्यांना विचारलं."

"तू म्हणालीस, बघा मग."

"तुम्ही वही घेऊन बाहेर पडत होता. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा शर्टाला इस्त्री करून बाहेर पडत होता. मी मध्ये कशाला बोलू?"

हरिहरने मृदुलाला खूण केली आणि दोघं पॅड, पोहायचा चष्मा आणि जॅक घेऊन घरी गेले. हेल्मेट तिथेच राहिलं.

लाकूड ओलं होतं, वाळायला वेळ लागणार होता. पण मागच्या वर्षीच्या थोड्या ढलप्या शिल्लक होत्या. दुसऱ्या दिवशी कमलाक्षीबाईंनी हंड्याखाली जाळ घातला आणि रंगनाथांच्या हातात फुंकणी दिली. ती त्यांनी आपणहून मागितली नव्हती.

त्यानंतर गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी फांदी वाढलेली निघाली. कोणाचा शेवगा मोडला होता, कोणाचा पेरू गच्चीवर आला होता. "कमलाक्षम्मा आहेत का?" असं विचारत लोक येत आणि रंगनाथ त्यांना बसायला सांगत. दर दुसऱ्या रविवारी कमलाक्षीबाई हेल्मेट घालून निघत, मागे वायरचं वेटोळं घेऊन हरिहर, आणि त्याच्यामागे टेप आणि खडू घेऊन रंगनाथ. गेल्याबरोबर ते आधी रेघ मारत आणि घरच्या माणसांनाही त्या रेघेच्या मागे उभं करत. त्या बाबतीत ते कोणाचंही ऐकत नसत.

इकडे मंजुनाथच्या दुकानात कोणी गिऱ्हाईक फार प्रश्न विचारू लागलं की तो रंगनाथांचा नंबर देई. "कुवेंपुनगरात एक आप्पा आहेत," तो सांगे. "एवढा अभ्यास मी कोणाचा पाहिला नाही." त्यामुळे आठवड्यातून एक-दोन फोन येत. रंगनाथ दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून, वही मांडीवर उघडून, कन्नडमध्ये सगळं समजावून सांगत. पेट्रोलचं का नको, बॅटरीचं का नको, घेर मोजून पट्टी कशी ठरवायची. माणसं भारावून जात. कोणी विचारलंच, की तुम्हाला चालवताना कसं वाटतं, तर रंगनाथ म्हणत, "एकदम हलकं. लोण्यातून सुरी." हे ते तीन जणांना म्हणाले होते. तिसऱ्या वेळी कमलाक्षीबाई स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

श्रावणातल्या एका सकाळी सोसले गावाहून फोन आला. माणूस शेतकरी होता, साठीच्या आसपासचा. घरी गूळ करायची छोटी चूल होती, अधूनमधून लाकूड लागायचं. त्याने अर्धा तास प्रश्न विचारले आणि रंगनाथांनी अर्धा तास उत्तरं दिली. कमलाक्षीबाई समोर बसून वालपापडी मोडत होत्या.

"अजून एक," तो माणूस म्हणाला. "हादरा किती बसतो? माझी मनगटं दुखतात. संध्याकाळपर्यंत हात चालतात का? तुमचा अनुभव सांगा. बाकी सगळं दुकानदार पण सांगतो."

रंगनाथांनी तोंड उघडलं. लोणी आणि सुरी जिभेवर आली होती. पण त्या माणसाची मनगटं खरंच दुखत असावीत, असं त्याच्या आवाजावरून वाटत होतं. रंगनाथांनी वही मिटली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "ते मशीन माझ्या हातात एकदाही चाललेलं नाही. आमच्या घरात ते माझी बायको चालवते. मी सात फुटांवर बसतो. थांबा, तिला देतो."

त्यांनी फोन पुढे केला. कमलाक्षीबाईंनी हात पदराला पुसले, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि फोन घेतला. मग त्या बोलल्या. मनगट कसं सरळ ठेवायचं, वजन मशीनचंच मशीनला कसं वाहू द्यायचं, दर दहा मिनिटांनी का थांबायचं, दुसऱ्या दिवशी बोटं सकाळी मिटत नाहीत तेव्हा गरम पाण्यात किती वेळ ठेवायची. रंगनाथ ऐकत होते. बोटं मिटत नाहीत, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी समोरची परात आपल्याकडे ओढली आणि वालपापडी मोडायला घेतली.

"तुमच्या मनगटांनी हे जमणार नाही हो," कमलाक्षीबाई शेवटी म्हणाल्या. "घरात अजून कोण आहे?"

पलीकडे लांबून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मुलगा बेंगळुरूला," तो माणूस म्हणाला. "इथे मी, आणि... घरची मंडळी."

"त्या काय करतात?"

"म्हशी बघते. पंप तीच सोडते. गेल्या वर्षी मोटर जळली तेव्हा खोलून..." तो थांबला.

"मग फोन त्यांना द्या," कमलाक्षीबाई म्हणाल्या.

तो माणूस फोन घेऊन चालू लागला असावा. चपलांचा आवाज आला, एक फाटक करकरलं, एक म्हैस हंबरली. मग त्याने हाक मारली आणि म्हैसूरहून फोन आहे, तुझ्यासाठी, असं सांगितलं.

"माझ्यासाठी?" एका बाईचा आवाज लांबून आला. "काय म्हणून?"

कमलाक्षीबाईंनी फोन खांद्याने कानाशी धरला, परातीतून दोन शेंगा उचलल्या आणि ती बाई हात धुऊन येईपर्यंत वाट बघत बसल्या.